अल्जेरियाचे तेल दोन वर्षांत समुद्रावर पोहोचले, मग लोखंड सत्तर वर्षे जमिनीतच का राहिले?

प्रश्न : भूगोल शिक्षिका, सातारा

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. गेल्या आठवड्यात उत्तर आफ्रिकेची साधनसंपत्ती शिकवताना फळ्यावर अल्जेरियाचा नकाशा काढला होता. वाळवंटात हासी मसूदचे तेलक्षेत्र, त्याच्या वायव्येला हासी रमेलचे वायुक्षेत्र, ईशान्य कोपऱ्यात ट्युनिशियाच्या सीमेजवळ वेन्झाची लोखंडाची खाण आणि जबल ओंकचे फॉस्फेट, आणि थेट दुसऱ्या टोकाला, मोरोक्को, पश्चिम सहारा व मॉरिटानिया यांच्या बेचक्यात, गारा जबिलेतचे लोहखनिज. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने ही नावे आणि त्यांच्यापुढची वर्षे वहीत उतरवून घेतली आणि विचारले, "मॅडम, लोखंड १९५२ मध्ये सापडले आणि तेल १९५६ मध्ये. तेल १९५८ मध्ये फ्रान्सला गेलेसुद्धा. मग आधी सापडलेल्या लोखंडाच्या खाणीचे काम सुरू व्हायला २०२२ साल का उजाडले?"

"वाळवंट आहे म्हणून" हे उत्तर माझ्या तोंडावर आले होते, पण तेलही त्याच वाळवंटातले आहे, हे लक्षात आल्यामुळे मी थांबले. साठा लहान म्हणावा, तर तो सुमारे साडेतीन अब्ज टन सांगितला जातो. खनिज हलक्या प्रतीचे म्हणावे, तर त्यात लोहांश ५७ टक्क्यांच्या आसपास आहे. पाठ्यपुस्तकात दोन्ही ठिकाणी एकाच आकाराची खूण आहे आणि पुढे काहीच नाही. त्या मुलीला मी पुढच्या तासाला उत्तर देईन असे सांगितले आहे आणि ते उत्तर अर्धवट असू नये, अशी माझी इच्छा आहे. कारण भूगर्भाचे आहे, वाहतुकीचे आहे, की राजकारणाचे?

प्रतिसाद : पाइपलाइन अभियंता, पुणे

मॅडम, मी एका कंत्राटदार कंपनीच्या वतीने दोन वर्षे हासी मसूदच्या परिसरात नळवाहिनीच्या कामावर होतो, त्यामुळे तेलाची बाजू मी सांगू शकतो. लोखंडाविषयी जाणकारांनी लिहावे.

तिकडच्या बोलीत हासी म्हणजे विहीर. गावांची नावे पाण्याच्या विहिरींवरून पडली आणि त्याच नावांखाली पुढे तेल निघाले. हासी मसूदचे तेल जमिनीखाली सुमारे ३,३०० मीटरवर, कँब्रियन काळातील वालुकाश्मात साठलेले आहे. ज्या काळ्या शेलमध्ये, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकात, ते तयार झाले, तो सिल्युरियन काळातला, म्हणजे साठवणाऱ्या खडकापेक्षाही तरुण. आणि या सगळ्यावर ट्रायासिक काळातील मिठाचा जाड थर झाकणासारखा बसलेला आहे. मीठ दाबाखाली लवचिक होते, त्याला सहसा तडा जात नाही, म्हणून कोट्यवधी वर्षे तेल निसटले नाही. तेलही उत्तम प्रतीचे, हलके आणि गंधक अतिशय कमी असलेले. बाजारात ते सहारा ब्लेंड या नावाने ओळखले जाते. अशा तेलापासून पेट्रोल-डिझेल काढायला शुद्धीकरण कारखान्यास कष्ट कमी पडतात, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक कधीच कमी पडले नाही.

तुमच्या विद्यार्थिनीने लिहून घेतलेले १९५८ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वेळी मोठी नळवाहिनी झालेली नव्हती. उत्तरेला तुगुर्त येथे रेल्वेचे शेवटचे स्थानक होते, तिथपर्यंत फक्त सहा इंची नळ टाकला गेला, तिथून रेल्वेच्या टाक्यांमधून तेल आजच्या स्किकदा बंदरात नेले आणि जानेवारी १९५८ मध्ये ते जहाजावर चढले. पुढच्याच वर्षी बेजाया बंदरापर्यंत चोवीस इंची, सुमारे ६६० किलोमीटरची नळवाहिनी पूर्ण झाली. एक नळ टाकला की त्यातून रात्रंदिवस माल वाहतो, त्याला चालक लागत नाही, रिकामे डबे परत आणावे लागत नाहीत, आणि वाटेत वस्ती नसली तरी बिघडत नाही. शिवाय एका टन हलक्या तेलात साडेसात बॅरलहून थोडे अधिक तेल मावते. बॅरलचा भाव सत्तर डॉलर धरला, तर टनाला पाचशे डॉलरच्या वर मिळतात, तर लोहखनिजाच्या टनाला चांगल्या दिवसांतही शंभर-सव्वाशे डॉलर. वाहतुकीचा खर्च मात्र वजनावर पडतो, किमतीवर नाही. मुलांना एवढा हिशेब फळ्यावर मांडून दाखवला, तरी अर्धे उत्तर मिळेल.

नळ टाकणे सोपे होते असा मात्र कोणी अर्थ घेऊ नये. उन्हाळ्यात दुपारी नळाला हात लावता येत नसे. आम्ही वेल्डिंग पहाटे चारला सुरू करून अकराच्या सुमारास थांबवायचो. वारा सुटला की बारीक वाळू सांध्यात जाते आणि वेल्डमध्ये पोकळी राहते, म्हणून प्रत्येक सांध्यावर ताडपत्रीचा छोटा तंबू उभा करावा लागे आणि तो तंबू सांध्यासांध्याने पुढे सरकत जाई. क्ष-किरणांनी तपासणी केल्यावर फिल्मवर तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका दिसला, तरी सांधा कापून पुन्हा करावा लागे. आमचा मुकादम वार्गला गावचा होता. चार आठवडे काम आणि मग घरी, अशी त्याची पाळी असे. तो परत येताना न चुकता खजूर आणायचा आणि दर वेळी एकच गोष्ट बोलून दाखवायचा, की त्याचा शिकलेला धाकटा भाऊ घरी बसून आहे आणि ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटरवरच्या तेलक्षेत्रात नोकरीला माणसे मात्र उत्तरेकडून येतात. पुढे २०१३ च्या मार्चमध्ये वार्गलात बेरोजगारांचा मोठा मोर्चा निघाल्याची बातमी वाचली, तेव्हा मला तो मुकादम आठवला. मॅडम, नळ गावाजवळून जातो, पण तो गावाला रोजगार देत नाही, हेही तुमच्या मुलांना कळायला हवे. खाण आणि रेल्वे यांना मात्र माणसे लागतात.

प्रतिसाद : धातुशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, नागपूर

अभियंता महोदयांनी तेलाची बाजू अतिशय स्पष्ट मांडली आहे. लोखंडाबाबत एकच शब्द सर्वात आधी सांगितला पाहिजे, तो म्हणजे फॉस्फरस. शेतीच्या भाषेत आपण ज्याला स्फुरद म्हणतो तोच. पिकाला तो हवा असतो, पोलादाला तो नको असतो. गारा जबिलेतच्या खनिजात तो सुमारे ०.८ टक्के आहे. ऐकायला आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु चांगल्या पोलादात फॉस्फरस शेकड्याच्या काही शतांश भागांपुरताच चालतो. तो वाढला की पोलाद थंडीत ठिसूळ होते आणि धक्का बसताच वाकण्याऐवजी तुटते.

आता अडचण अशी की, या खनिजाची रचना माशाच्या अंड्यांसारखी आहे. कधी काळी उथळ समुद्रात लोहाचे सूक्ष्म थर कणाभोवती एकावर एक बसत गेले आणि बारीक गोल दाणे तयार झाले. भूगर्भशास्त्रात त्यांना ऊओलाइट म्हणतात. फॉस्फरस या दाण्यांच्या थराथरांत मुरलेला आहे. खनिजात माती किंवा गारगोटी वेगळी मिसळलेली असती, तर दळून, धुऊन, चुंबक लावून ती दूर करता आली असती. इथे दाणा कितीही बारीक दळला, तरी प्रत्येक कणात लोह आणि फॉस्फरस सोबतच राहतात. त्यामुळे ५७ टक्के लोहांश हा आकडा खरा असूनही फसवा आहे.

मग भट्टीत काय होते? झोतभट्टीत, म्हणजे कोक आणि गरम हवेच्या झोताने खनिज वितळवणाऱ्या भट्टीत, खनिजातला जवळजवळ सगळा फॉस्फरस वितळलेल्या लोखंडात उतरतो. नंतर पोलाद करताना भरपूर चुना घालून तो मळीत, म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या टाकाऊ थरात, ओढून घ्यावा लागतो. हे तंत्र नवे नाही. फ्रान्सच्या लॉरेन प्रांतातले खनिजही असेच फॉस्फरसयुक्त आणि लोहांशाने तर याहून कितीतरी गरीब होते. १८७० च्या दशकाच्या अखेरीस सिडनी गिलख्रिस्ट टॉमस याने भट्टीला क्षारधर्मी विटांचे अस्तर देऊन आणि चुना वापरून फॉस्फरस मळीत घालवण्याची रीत शोधली, आणि लॉरेनचे नशीब पालटले. ती मळी दळून शेतकऱ्यांना खत म्हणून विकली जाई. म्हणजे लॉरेनचे गरीब खनिज चालले आणि गारा जबिलेतचे श्रीमंत खनिज पडून राहिले. याचे कारण लॉरेनची खाण आणि भट्टी शेजारी-शेजारी होत्या, हे आहे. गोव्यातही हीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेने दिसते. तिथले बरेच खनिज मध्यम प्रतीचे, पण खाणीपासून मांडवी-झुवारीच्या धक्क्यापर्यंत ट्रक आणि तिथून बार्जने मुरगावपर्यंत, इतक्या थोडक्या वाटेमुळे ते दशकानुदशके निर्यात झाले. गारा जबिलेतहून भूमध्य समुद्र सरळ रेषेतही हजार किलोमीटरहून दूर आहे.

अल्जेरियात लोखंडाचा धंदाच नव्हता, असा गैरसमज मात्र विद्यार्थ्यांचा होऊ देऊ नये. वेन्झाची खाण फ्रेंच काळापासून चालू आहे, तिथून अन्नाबा बंदरापर्यंत रेल्वे होती आणि त्या बंदराजवळच अल हजार येथे पोलाद कारखाना उभा राहिला, ज्याचे उद्घाटन राष्ट्राध्यक्ष हुआरी बूमेदियन यांनी १९६९ मध्ये केले. या कारखान्याचा एक दुवा आपल्याशीही जोडलेला आहे. २००१ मध्ये त्याचा ७० टक्के हिस्सा लक्ष्मी मित्तल यांच्या समूहाने घेतला. २०१३ मध्ये बहुमत पुन्हा अल्जेरियन सरकारकडे गेले आणि नंतर संपूर्ण मालकीही. वेन्झा लहान असूनही चालली, कारण खाण, रेल्वे, भट्टी आणि बंदर एकाच कोपऱ्यात होते.

प्रतिसाद : आंतरराष्ट्रीय राजकारणाचा अभ्यासक, ठाणे

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, परंतु माझ्या मते सत्तर वर्षांतली मधली तीस-चाळीस वर्षे राजकारणाने खाल्ली, आणि ते सांगितल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. प्राध्यापकांनी भूमध्य समुद्राचे अंतर दिले. नकाशात पश्चिमेकडे पाहा. गारा जबिलेतहून अटलांटिक महासागर साडेचारशे-पाचशे किलोमीटरवर आहे, म्हणजे निम्म्याहून कमी. खनिजाची नैसर्गिक वाट तीच. पण त्या वाटेवर सीमा आहे.

फ्रेंचांनी सहाऱ्यातली मोरोक्को-अल्जेरिया सीमा नीट आखलीच नव्हती, कारण दोन्ही बाजूंना सत्ता त्यांचीच होती. जुलै १९६२ मध्ये अल्जेरिया स्वतंत्र झाला आणि गारा जबिलेत ज्या भागात येते, त्या तिंदूफ शहराच्या प्रदेशावर मोरोक्कोने हक्क सांगितला. ऑक्टोबर १९६३ मध्ये दोन्ही देशांत लढाई झाली, जिला वाळूचे युद्ध म्हणतात. जून १९७२ मध्ये रबात येथे बूमेदियन आणि राजे दुसरे हसन यांनी दोन करार केले. एक सीमेचा, आणि दुसरा, फारसा न शिकवला जाणारा, गारा जबिलेतचे खनिज दोन्ही देशांनी मिळून काढण्याचा आणि ते मोरोक्कोच्या अटलांटिक बंदरातून पाठवण्याचा. अल्जेरियाला किनारा मिळणार होता, मोरोक्कोला खनिजात भागीदारी आणि त्या बदल्यात तिंदूफवरचा हक्क सोडायचा होता. माझ्या दृष्टीने उत्तर आफ्रिकेच्या आधुनिक इतिहासातली ही सर्वात शहाणपणाची तडजोड होती.

ती टिकली तीनच वर्षे. १९७५ मध्ये स्पेनने पश्चिम सहारा ही आपली वसाहत सोडण्याची तयारी केली, मोरोक्कोने त्या प्रदेशात मुसंडी मारली आणि अल्जेरिया त्या प्रदेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पोलिसारिओ संघटनेच्या पाठीशी उभा राहिला. १९७६ मध्ये राजनैतिक संबंध तुटले. जिथून खनिजाच्या गाड्या निघायच्या, त्या तिंदूफच्या आसपास सहरावी, म्हणजे पश्चिम सहारातल्या, निर्वासितांच्या छावण्या उभ्या राहिल्या आणि त्या आजही आहेत. मोरोक्कोची सीमा-कराराला अंतिम मंजुरी कित्येक वर्षे लांबली. १९८८ मध्ये संबंध पूर्ववत झाले, १९९४ मध्ये जमिनीवरची सीमा बंद झाली, २०२१ मध्ये संबंध पुन्हा तुटले. अशा सीमेपलीकडच्या बंदराच्या भरवशावर कोण रेल्वेत पैसा घालणार?

शेजाऱ्याच्या भांडणाची झळ वायूलाही लागली आहे. मोरोक्कोतून स्पेनला जाणारी नळवाहिनी १९९६ पासून चालू होती, अल्जेरियाने ती ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी बंद केली. परंतु वायूला पर्यायी वाटा होत्या. ट्युनिशियामार्गे इटलीची नळवाहिनी १९८३ पासून होती, आणि अल्जेरियाच्याच किनाऱ्यावरच्या बेनी साफहून समुद्राच्या तळाने थेट स्पेनला जाणारी २०११ पासून. लोखंडाला दुसरी वाट नव्हती.

भूगोल शिक्षिका

आपणा तिघांचे मनापासून आभार. १९७२ च्या खनिज कराराविषयी मी प्रथमच वाचले. एक शंका उरते. तेलाचा पैसा अल्जेरियाच्या हाती तर होता. मग मोरोक्कोची वाट न पाहता स्वतःच्या भूमीतून लांबची रेल्वे त्या पैशातून आधीच का बांधली गेली नाही?

प्रतिसाद : आंतरराष्ट्रीय राजकारणाचा अभ्यासक, ठाणे

तो पैसा हाती यायलाच वेळ लागला. स्वातंत्र्याच्या वेळी फ्रान्सशी झालेल्या एव्हियां करारानुसार तेलातले फ्रेंच कंपन्यांचे हक्क कायम राहिले होते. डिसेंबर १९६३ मध्ये स्थापन झालेली सोनात्राक ही राष्ट्रीय कंपनी सुरुवातीला केवळ वाहतूक आणि विक्रीसाठी होती. हासी मसूदहून उत्तर किनाऱ्यावरच्या अरझू बंदराला जाणारी तिसरी नळवाहिनी फ्रेंच कंपन्यांऐवजी आपण स्वतः बांधायची, या हट्टातून ती जन्मली. तो हट्ट योग्य होता असे मला ठामपणे वाटते, कारण नळ ज्याच्या हाती त्याच्याच हाती भाव असतो. २४ फेब्रुवारी १९७१ रोजी बूमेदियन यांनी कामगार संघटनेच्या सभेत राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. फ्रेंच तेल कंपन्यांचा ५१ टक्के हिस्सा, वायू संपूर्ण आणि नळवाहिन्या संपूर्ण देशाच्या मालकीच्या झाल्या. फ्रान्सने आपले तंत्रज्ञ परत बोलावले आणि तेलावर बहिष्कार घातला, तेव्हा अल्जेरियाच्या तरुण अभियंत्यांनी विहिरी चालू ठेवल्या. दोन वर्षांनी, १९७३ मध्ये, जगात तेलाचे भाव सुमारे चौपट झाले.

तो पैसा मग उत्तरेच्या किनारपट्टीवर, अल हजारची वाढ, अरझू आणि स्किकदाचे कारखाने, शाळा आणि घरे यांत गेला. १९८६ मध्ये भाव कोसळले. परदेशी उत्पन्नाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग तेल-वायूतून येत असल्यामुळे सरकारकडे आयातीलाही पैसा उरला नाही. ऑक्टोबर १९८८ मध्ये दंगली झाल्या आणि नव्वदीचे दशक यादवीत गेले. पुढे भाव चढले, २०१४ मध्ये पुन्हा पडले. ज्या वर्षी पैसा होता त्या वर्षी रेल्वेची निकड वाटली नाही, आणि निकड वाटली तेव्हा पैसा नव्हता, असे हे चक्र फिरत राहिले. बेशार ते तिंदूफ ते गारा जबिलेत या सुमारे ९५० किलोमीटरच्या लोहमार्गाचे काम अखेर २०२३ मध्ये चिनी कंपनीच्या भागीदारीने सुरू झाले.

प्रतिसाद : पाइपलाइन अभियंता, पुणे

मॅडमच्या शंकेला एक छोटी पुरवणी. वायूसुद्धा लोखंडासारखाच अडकून पडला असता, कारण वायू पिंपात भरून नेता येत नाही. पण १९६४ मध्ये अरझूला वायू द्रवरूप करून निर्यात करणारा जगातला पहिला मोठा व्यापारी कारखाना सुरू झाला. वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते, मग तो जहाजातून जातो. पहिली खेप त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडला पोहोचली. एवढ्या थंडीतही हेलियम वायुरूपच राहतो, त्यामुळे तो वेगळा काढता येतो, आणि म्हणून अल्जेरिया जगातल्या मोजक्या मोठ्या हेलियम उत्पादकांपैकी आहे. रुग्णालयातल्या एमआरआय यंत्राचे चुंबक थंड ठेवायला हेलियमच लागतो, हे सांगितले तर मुलांच्या लक्षात राहील.

प्रतिसाद : धातुशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, नागपूर

वायूचा विषय निघालाच आहे, तर अल्जेरियाच्या तेल-वायू आणि लोखंड या दोन गोष्टी कुठे एकत्र येतात, ते लिहितो. लोखंड काढायला कोकचा कोळसा लागतो आणि तो अल्जेरियाकडे नाही, अल हजारच्या झोतभट्ट्यांना तो बाहेरून आणावा लागतो. नैसर्गिक वायूने मात्र खनिजातला ऑक्सिजन काढून स्पंज आयर्न करता येते. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात डोलवीला वायूवर चालणारा असा प्रकल्प आहे. ओरानजवळ बेथिऊआ येथे एका तुर्की कंपनीने वर्षाला २५ लाख टन क्षमतेचा तसा प्रकल्प २०१८ मध्ये सुरू केला. गारा जबिलेतचे खनिज उत्तरेकडे नेऊन अशा कारखान्यांना पुरवावे आणि आयात थांबवावी, हा सध्याचा विचार आहे, आणि तो मला पटतो.

परंतु एक गोष्ट त्या विद्यार्थिनीला जरूर सांगा. स्पंज आयर्न करताना लोखंड वितळत नाही, त्यामुळे मळी तयार होत नाही आणि फॉस्फरसला बाहेर पडायला वाटच नसते. तो सगळाच्या सगळा पुढे विद्युतभट्टीत येतो. तिथे जास्त चुना, जास्त वीज आणि जास्त वेळ खर्चून तो काढावा लागतो, किंवा आधीच खनिज भाजून व रासायनिक प्रक्रिया करून कमी करावा लागतो. म्हणून त्या लोहमार्गावरून किती लाख टन माल आला, ही बातमी तुमच्या विद्यार्थिनीने वर्तमानपत्रात वाचली, तर तिने शेजारी दुसरा आकडा शोधावा : भट्टीत घालण्यापूर्वी त्या खनिजात फॉस्फरस किती उरला होता. खाण नफ्यात चालेल की नाही, हे त्या आकड्यावर अवलंबून आहे.